गाठ नसलेला कर्करोग, लुळे पडणारे पाय

साठी-सत्तरीतल्या माणसाचे पाय जड होतात, मग उभं राहणं अवघड होतं आणि लघवी तुंबते. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला सूज दिसते. दाह समजून स्टेरॉइड दिलं जातं आणि रुग्णाला उतार पडतो. खरी फसगत इथेच होते, कारण मूळ आजार लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग, असू शकतो आणि स्टेरॉइड त्याच्या पेशींनाही काही काळ दाबून ठेवतं.

इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा हा रक्तवाहिन्यांच्या आतच वाढणारा कर्करोग. वर्षाला दहा लाखांत एकालाही होत नाही, इतका दुर्मीळ. लिम्फोमा म्हटलं की डॉक्टर गाठी शोधायला मान, काख, जांघ चाचपतात. इथे बहुतेकदा हाताला काहीच लागत नाही. निरोगी लिम्फोसाइट वाहिनीच्या भिंतीला चिकटून, तिच्यातून वाट काढत बाहेर पडते. त्यासाठी लागणारी सीडी२९ आणि सीडी५४ ही प्रथिनं या कर्करोगाच्या पेशींवर बहुधा नसतात. त्यामुळे त्या आतच अडकून वाढत राहतात, असं मानलं जातं. केशवाहिन्या तुंबतात आणि पलीकडच्या चेतापेशी रक्ताविना मरतात. मज्जारज्जूला हे फार महागात पडतं: तिच्या पुढच्या सुमारे दोन-तृतीयांश भागाची भिस्त एकाच लांब धमनीवर असते.

पाठीतल्या पाण्याच्या तपासणीतही कर्करोगाच्या पेशी अनेकदा सापडत नाहीत. सापडणार कशा? त्या तर वाहिन्यांत कोंडलेल्या. रक्तातलं एलडीएच (पेशींमधलं एक विकर) मात्र बहुतेकांत वाढलेलं असतं. साधी, स्वस्त तपासणी. पाय लुळे पडलेल्या रुग्णात ती मागवायची आठवण व्हायला हवी, एवढंच.

निदानाचा पुरावा अनपेक्षित जागी मिळतो: मांडी, पोट, दंड इथल्या वरून धडधाकट दिसणाऱ्या त्वचेत. तुकडा खोल घ्यावा लागतो, कारण या पेशी त्वचेखालच्या चरबीतल्या बारीक वाहिन्यांत सापडतात. १९५९ साली प्फ्लेगर आणि टॅपायनर या त्वचारोगतज्ज्ञांनी हा आजार प्रथम नोंदवला तोही त्वचेतच. तेव्हा तो वाहिन्यांच्या अस्तराचा रोग वाटला होता. या पेशी लिम्फोसाइट आहेत हे १९८०च्या दशकात पक्कं झालं.

पूर्वी निदान अनेकदा शवविच्छेदनातच होई. आता रिटुक्सिमॅब या बी-पेशींवर नेम धरणाऱ्या औषधासह केमोथेरपी आणि चेतासंस्थेसाठी मोठ्या मात्रेत मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचं औषध देतात. जपानमधल्या ३८ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर सुमारे ७६ टक्के रुग्णांत आजार बळावला नव्हता. मात्र निदानाच्या वेळी ज्यांच्या मेंदूत किंवा मज्जारज्जूत आजार उघड दिसत होता, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं.