झीयो, क्लोद

झीयो, क्लोद : (एप्रिल १६७३ – ४ मे १७२२). फ्रेंच चित्रकार, अम्लरेखनकार व रंगभूमीचा वेशसंकल्पक. जन्म शांपेन प्रांतातील लांग्र येथे. वडील भरतकाम व अलंकरणाचे चित्रकाम करणारे कारागीर होते. पॅरिसमध्ये त्याने झां-बातिस्त कॉर्नेय या चित्रकाराकडे शिक्षण घेतले. कॉर्नेय १६९५ मध्ये वारला, त्याअर्थी झीयो त्यापूर्वीच राजधानीत आलेला असला पाहिजे. हा तपशील वरवर किरकोळ वाटला, तरी झीयोविषयीच्या मुख्य वादाचा धागा येथूनच निघतो.

त्याच्या नाट्यविषयक रेखनांत आर्लेकँ, स्कारामूश, मेझतँ, प्येरो ही इटालियन कॉमेदिआ देल्लार्तेची (ठरावीक सोंगांचे, बरेचसे उत्स्फूर्त संवादांचे विनोदी नाट्य) सोंगे वारंवार दिसतात. ही पात्रे रंगवणारी इटालियन मंडळी राजाश्रयाने पॅरिसमध्ये खेळ करीत असे. १६९७ मध्ये चौदाव्या लूईने तिला हाकलून लावले. राजाची दुसरी पत्नी मादाम द मँतनाँ हिची टिंगल करणारा प्रयोग हे त्यामागचे कारण परंपरेने सांगतात. काही अभ्यासकांच्या मते राजाच्या तिजोरीवरचा भार आणि दरबारातील वाढती धर्मनिष्ठा ही कारणे अधिक खरी. कारण कोणतेही असो, मंडळी परतली ती १७१६ मध्ये, लुईजी रिक्कोबोनीच्या नेतृत्वाखाली. झीयोचे बरेचसे नाट्यविषयक काम मात्र सामान्यतः या मधल्या एकोणीस वर्षांतलेच मानले जाते. मग जी मंडळी शहरात नव्हती, तिची दृश्ये त्याने काढली कशावरून?

एक मत असे, की १६९७ पूर्वी तरुणपणी पाहिलेले प्रयोग त्याने आठवणीतून उतरवले. दुसरे मत ग्रंथाधाराचे आहे. आर्लेकँची भूमिका करणारा नट एव्हारिस्तो गेरार्दी याने मंडळीच्या संहितांचा सहा खंडांचा संग्रह १७०० मध्ये छापला, आणि झीयोची अनेक दृश्ये त्यातील प्रसंगांशी जुळतात. तिसरे मत त्याचा आधार जत्रेत शोधते. सें-झेर्मांच्या हिवाळी व सें-लोरांच्या उन्हाळी जत्रेतील फळ्यांच्या रंगमंचांवर डोंबारी, कसरतपटू आणि इटालियनांची सोंगे उचललेले फ्रेंच नट खेळ करीत. कॉमेदी-फ्राँसेझ या राजमान्य फ्रेंच नाटकमंडळीने आपला हक्क पुढे करून त्यांच्यावर एकामागून एक बंद्या आणवल्या. आधी संवाद बंद झाले, मग स्वगते. १७१० च्या सुमारास नट पदे लिहिलेले फलक दाखवू लागले. वाद्ये ओळखीची चाल वाजवीत आणि प्रेक्षकच ती पदे गात. बोललेले संवाद व गाणी मिसळलेल्या फ्रेंच ऑपेरा-कोमिक या प्रकाराचा उगम साधारणपणे येथेच मानतात.

या मतांपैकी निव्वळ ग्रंथाधाराचे मत अपुरे वाटते. छापील संहितेत संवाद मिळतात. वाकलेला गुडघा, पुढे झुकलेली मान, टोपी हातात धरण्याची तऱ्हा मिळत नाही. झीयोच्या रेखनांचा जीव तर नेमका तिथेच आहे. ज्यांचे तोंड बंद केले होते अशा नटांचे अंगविक्षेप त्याने जवळून न्याहाळले असावेत, असे मानणे सयुक्तिक ठरते. प्रसंग पुस्तकातून आणि देह जत्रेतून, असा मिलाफ अलीकडे अधिक ग्राह्य वाटतो.

या मिलाफाचे उत्तम उदाहरण म्हणजे लूव्हरमधील ‘दोन गाड्या’ हे तैलचित्र (सु. १७०७). प्रसंग रेन्यार व द्यूफ्रेनी यांच्या ‘सें-झेर्मांची जत्रा’ (१६९५) या प्रहसनातील आहे. अरुंद गल्लीत माणसांनी ओढायच्या दोन खुर्चीगाड्या समोरासमोर येतात. आत बायकांच्या वेषातील आर्लेकँ व स्कारामूश बसलेले आहेत आणि मागे हटायला दोघेही तयार नाहीत. झीयोने या भांडणाला पॅरिसच्या खऱ्या रस्त्याचे रूप दिलेले नाही. मागची घरे रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट आहेत, पात्रे एका उथळ पट्ट्यात उभी आहेत आणि उजेड रंगमंचाचा आहे. प्रेक्षकाला नाटकच पाहत असल्याची जाणीव राहावी, ही त्याची धारणा स्पष्ट दिसते. लूव्हरमधील दुसरे चित्र ‘उस्ताद आंद्रेची समाधी’ हेही १६९५ च्याच एका प्रहसनावर आधारलेले आहे. त्यात बाटलीवरून झालेला तंटा सोडवायला आर्लेकँला पंच नेमले जाते, आणि पंचच बाटली तोंडाला लावतो.

आंत्वान वातो हा झीयोचा सर्वांत प्रसिद्ध शिष्य. तो साधारण १७०३ ते १७०५ च्या दरम्यान त्याच्याकडे आला आणि १७०८ च्या आसपास क्लोद ओद्राँ या सजावटकाराकडे निघून गेला. दोघांचे बिनसले होते, असे वातोचे जुने चरित्रकार एकमुखाने सांगतात. कारणाबाबत मात्र दोघांनीही मौन पाळले. शिष्याची प्रतिभा पाहून झीयोने रंगकामच सोडले, ही कथा अठराव्या शतकापासून चालत आलेली आहे. ती स्वीकारणे अवघड आहे. १७१० मध्ये राजाच्या चित्र-शिल्पकला अकादमीने त्याला प्राथमिक मान्यता दिली आणि १७१५ मध्ये पूर्ण सदस्यत्व दिले, तेही क्रुसावर खिळण्याच्या तयारीतील ख्रिस्ताच्या तैलचित्राबद्दल. ज्याने रंग सोडले, तो इतिहासचित्रकार (धार्मिक, पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग रंगवणारा) म्हणून अकादमीत जाणार नाही. वातोच्या आणि नंतर आलेला दुसरा शिष्य निकोला लांक्रे याच्या कीर्तीमुळे झीयोला ‘वातोचा गुरू’ एवढीच ओळख उरली, हा त्याच्यावर अन्याय आहे. नाटकातली माणसे हा चित्राचा स्वतंत्र विषय होऊ शकतो, ही वाट वातोला दिसली ती झीयोच्या चित्रशाळेत. फ्रान्समधील नाँत येथील संग्रहालयातल्या ‘चंद्रलोकीचा सम्राट आर्लेकँ’ हे चित्र नेमके कोणाच्या हातचे, यावरही बराच काथ्याकूट झाला आहे. झीयोच्या रचनेवरून वातोने रंगवलेले, हे मत सामान्यतः मान्य आहे.

झीयोचे खरे माध्यम कागद. रेखने तो लेखणी व शाईने करी आणि त्यांवर लाल खडूच्या रंगाचा पातळ हात फिरवी. आकृती लहान, सडपातळ, टोकदार हातापायांच्या. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने रेषा ओढून तो खरवडतात आणि उघड्या पडलेल्या धातूला आम्लाने खाऊ देतात. छीनीने कोरण्याच्या मानाने यात हात मोकळा चालतो, म्हणून चपळ रेषेच्या झीयोला हे तंत्र मानवले. पत्र्यावरची आकृती कागदावर उलटी उमटते. त्यामुळे रेखन व मुद्राचित्र शेजारी ठेवले, की डावा नट उजवीकडे गेलेला दिसतो आणि कोणते आधीचे हे ठरवायला मदत होते. पॅन, डायाना, बॅकस व फॉनस या ग्रीक-रोमन देवतांच्या उत्सवांची चित्रे, सॅटरांच्या (पुराणकथांतील अर्धे माणूस, अर्धे बोकड) जन्मापासून अंत्यविधीपर्यंतची माला आणि चेटकिणींच्या मेळाव्याची दोन दृश्ये ही त्याची महत्त्वाची अम्लरेखने होत. ऊदार द ला मोत या फ्रेंच लेखकाच्या नीतिकथांच्या १७१९ मधील आवृत्तीसाठी बहुतांश चित्रे त्यानेच काढली. त्यांतील प्राणीही नटांसारखेच हावभाव करतात.

पॅरिस ऑपेराच्या नेपथ्य, यंत्रे व वेशभूषेची देखरेख काही काळ त्याच्याकडे होती, असे जुने चरित्रकार म्हणतात. त्याने कठपुतळ्यांचा खेळ चालवल्याचीही नोंद आढळते. ही विधाने सावधपणेच घ्यावीत. वेशसंकल्पनाचा पुरावा मात्र भक्कम आहे. युरोपीय कल्पनेतील चार मूलतत्त्वांवरील ‘ले एलेमाँ’ हा बॅले डिसेंबर १७२१ मध्ये त्विलेरी राजवाड्यात झाला. संगीत दलालांद व देतूश यांचे होते आणि अकरा वर्षांचा पंधरावा लूई स्वतः त्यात नाचला. या बॅलेच्या पोशाखांची संकल्पना झीयोची होती. पुढे चारपाच महिन्यांतच तो पॅरिसमध्ये वारला. स्कॉटिश अर्थतज्ज्ञ जॉन लॉच्या कागदी चलन व समभागांवर उभ्या पतव्यवस्थेच्या १७२० मधील कोसळण्यात त्याची पुंजी बुडाली होती, असे सांगतात.

त्याच्या मृत्यूनंतर वेशसंकल्पने फ्राँस्वा झुलँने आणि इटालियन नाटकांची दृश्ये गाब्रीएल युकिएने मुद्राचित्रांच्या रूपात प्रसिद्ध केली. त्याच्या मुद्राचित्रांची पद्धतशीर सूची बेर्नार पोप्युलसने १९३० मध्ये केली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लूव्हरमध्ये त्याच्यावर स्वतंत्र प्रदर्शने भरली. त्यांच्या निमित्ताने अनेक रेखनांचे कर्तृत्व नव्याने तपासले गेले.