रस्त्यावर उतरणारं हवाई दल

४ जून १९४२च्या सकाळी प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरून अमेरिकन मरीन दलाची ब्रूस्टर बफेलो विमानं जपानी हल्ला अडवायला झेपावली. त्यांतली निम्म्याहून जास्त परतलीच नाहीत. या विमानाला मग उडती शवपेटी असं नाव पडलं. नेमक्या त्याच वर्षांत फिनलंडच्या आकाशात मात्र हेच विमान दरारा गाजवत होतं. फिनलंडने एकूण ४४ ब्रूस्टर विकत घेतली होती. ती उडवणाऱ्या चोविसाव्या स्क्वाड्रनने ४५९ सोव्हिएत विमानं पाडल्याचा दावा केला. त्या बदल्यात हवाई लढाईत गमावली १५. असे दावे थोडे फुगलेले असतातच, पण निम्मे बाद केले तरी कोडं तसंच उरतं.

कोड्याचा एक भाग वजनाचा आहे. फिनलंडला मिळालेली विमानं सुरुवातीच्या, हलक्या प्रकारची होती आणि विमानवाहू जहाजासाठी लागणारं सामान त्यांतून काढून टाकलं होतं. मिडवेची विमानं नंतरची. जादा इंधन आणि चिलखत घालून जड झालेली. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर भार वाढला की विमान वळायला आणि वर चढायला मंदावतं. गरम हवेत तापणारं इंजिन उत्तरेच्या थंडीत निवांत चालायचं, हाही फायदाच.

माझ्या मते खरं कारण मात्र वेगळं होतं. १९३०च्या दशकात बहुतेक हवाई दलं तीन-तीन विमानांच्या बाणासारख्या रचनेत उडत. दिसायला ती देखणी, पण मागच्या दोघांचं सगळं लक्ष पुढच्याला धडकू नये यातच अडकलेलं. फिनिश वैमानिकांनी, त्यातही गुस्ताफ मॅग्नुसन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी, दोन-दोन विमानांच्या जोड्या आणि अशा दोन जोड्यांची चौकडी हा प्रकार युद्धाच्या आधीच घोटवला होता. जोडीत अंतर ऐसपैस ठेवायचं आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या शेपटीमागचं आकाश बघायचं. म्हणजे चार विमानांत आठ डोळे शत्रू शोधायला मोकळे. ज्याच्याकडे विमानं मोजकी, त्याला आधी दिसणं परवडत नाही. त्याने आधी बघायलाच हवं.

मोजकेपणा फिनलंडच्या हवाई दलात जन्मापासूनच आहे. ६ मार्च १९१८ रोजी स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोझेन यांनी भेट दिलेलं थुलिन विमान समुद्र ओलांडून वासा शहरात आलं, तोच हवाई दलाचा स्थापना दिवस. त्याच्या पंखांवर काउंटचं शुभचिन्ह होतं: निळं स्वस्तिक. नाझी पक्षाच्या आधीचं असल्यामुळे ते त्यांच्याकडून घेतलेलं नव्हतं. पण काउंट स्वतः पुढे स्वीडनमधल्या नाझी वर्तुळात गेले, हेही सांगायला हवं. १९४५मध्ये विमानांवरून हे चिन्ह जाऊन निळं-पांढरं वर्तुळ आलं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या १९४७च्या पॅरिस शांतता तहाने दलाला दोरीच बांधली. लढाऊ विमानं जास्तीत जास्त ६०, माणसं ३,०००, बॉम्बफेकी विमानं अजिबात नाहीत. शेजारी सोव्हिएत संघ, सरहद्द हजार किलोमीटरहून लांब. मग फिनलंडने खरेदीतही तोल सांभाळला: ब्रिटनची व्हॅम्पायर आणि नॅट, सोव्हिएत मिग-२१, स्वीडनची ड्राकेन. यातली दोन नावं आपल्या ओळखीची आहेत. नॅट भारताने १९६५च्या युद्धात वापरलं आणि मिग-२१ पुढे नाशिकजवळच्या ओझरला बनू लागलं. फिनलंडकडे नॅट होती फक्त १३. त्यांतल्याच एकातून ३१ जुलै १९५८ रोजी मेजर लाउरी पेकुरी यांनी ध्वनीचा वेग ओलांडला, देशातले पहिलेच. हेच पेकुरी जून १९४२मध्ये आपलं ब्रूस्टर जखमी अवस्थेत कारेलियातल्या एका तळ्यात उतरवून पायी आपल्या बाजूला परतले होते. ते विमान १९९८मध्ये तळ्यातून वर काढलं गेलं.

१९९०मध्ये फिनलंडने तहातली ही बंधनं आता लागू नाहीत असं जाहीर केलं आणि दोन वर्षांनी अमेरिकन हॉर्नेट लढाऊ विमानं मागवली: ६४. तीही विचारपूर्वक. फिनलंडला पहिली भीती होती ती विमानं जमिनीवरच मारली जाण्याची. तळ मोजके आणि त्यांची जागा सगळ्यांना माहीत. सोव्हिएत संघाशी झालेल्या १९३९-४०च्या हिवाळी युद्धात विमानं गोठलेल्या तळ्यांवर विखुरली होती. नंतरच्या दशकांत तेच काम महामार्गांनी केलं. ठरावीक ठिकाणी दोन-तीन किलोमीटर रस्ता मुद्दाम सरळ आणि रुंद बांधलेला असतो. एरवी त्यावरून ट्रक धावतात.

इथे हॉर्नेटचा नौदली जन्म कामी आला. साधं विमान उतरताना शेवटच्या क्षणी नाक उचलून हळुवार टेकतं आणि त्यात धावपट्टीचे शेकडो मीटर खर्ची पडतात. हॉर्नेट जहाजासाठी घडवलेलं. ते एकाच कोनात येतं आणि ठरल्या जागी दणकन आदळतं; चाकांचे पाय तो धक्का सोसण्याइतके दणकट. वेग मात्र तासाला २५० किलोमीटरच्या आसपास, आणि थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून रस्त्यावर आडवी पोलादी दोरी लावतात. विमानाच्या शेपटीखालचा हूक तीत अडकतो आणि काही शे मीटरांत खेळ आटोपतो. त्याआधी रस्ता झाडून घ्यावा लागतो, कारण इंजिनात खेचला गेलेला एक खडासुद्धा पंख्याची पाती तोडू शकतो. उतरलेल्या विमानात इंधन आणि शस्त्रं भरणाऱ्या मेकॅनिकांच्या हाताखाली सक्तीच्या लष्करी सेवेतली तरुण मुलं असतात. ही शिस्त मला विमानापेक्षाही महत्त्वाची वाटते.

आता हॉर्नेट म्हातारी झाली. १० डिसेंबर २०२१ रोजी फिनलंडने पाच स्पर्धकांतून एफ-३५ए हे अमेरिकन लढाऊ विमान निवडलं. पुन्हा ६४, कार्यक्रमाचा खर्च सुमारे ८४० कोटी युरो. ४ एप्रिल २०२३ला देश नाटोत गेला. पण एफ-३५ए जहाजासाठी घडवलेलं नाही, शिवाय इंजिन एकच. गिळलेल्या खड्याने ते बंद पडलं तर हॉर्नेटसारखं दुसरं हाताशी नाही. त्यामुळे ते रस्त्यावर चालेल का, ही शंका रास्तच होती. तिचं पहिलं उत्तर शेजाऱ्यांनी दिलं: सप्टेंबर २०२३मध्ये फिनलंडमधल्या तेर्वोजवळच्या महामार्गावर नॉर्वेची एफ-३५ए उतरली, इंजिन चालू ठेवूनच इंधन घेतलं आणि उडाली. पुढच्या वर्षी उत्तरेला रानुआमध्ये अमेरिकेच्या विमानांनी तेच केलं.

फिनलंडची स्वतःची विमानं योजनेप्रमाणे आधी लॅपलंडमधल्या रोव्हानिएमी तळावर आणि मग कुओपिओजवळच्या तळावर येतील. २०३०पर्यंत शेवटची हॉर्नेट निवृत्त व्हायची आहे. तोवर दोन पूर्ण वेगळ्या विमानांचे सुटे भाग, दोन प्रकारचं प्रशिक्षण आणि रस्त्यावरच्या तळांचा सराव, हे सगळं एकाच छोट्या दलाला सांभाळायचं आहे.