डोहाळे पुरवले, भीती विचारायची राहिली

‘डोहाळे’ या शब्दाचं नातं संस्कृत ‘दौहृद’शी सांगतात, म्हणजे दोन हृदयं. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, तेव्हा आईच्या तोंडून दोघांच्या इच्छा बोलतात, त्या पुरवाव्यात, असं सुश्रुतसंहिता सांगते. चरकसंहितेत तर गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींत श्रेष्ठ मानलं आहे ते सौमनस्य, मनाची प्रसन्नता. गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखं, न हिंदकळू देता जपावं, असंही तिथे आहे. इतक्या जुन्या काळी मनाला हे स्थान मिळालं याचं मला अप्रूप वाटतं. पण ही काळजी मुख्यतः गर्भासाठी होती, हेही खरं.

पुढे घराघरांत उरलं ते डोहाळजेवण: सातवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, आवडीचं ताट. मग दोन झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पहिलटकरीण लाजून हसते. तिला रात्री झोप लागते का, कळांची धास्ती वाटते का, हे त्या गर्दीत कोण विचारणार? पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत त्या मानाने शहाणी. आईपाशी तरी मन मोकळं होतं. होणारा बाप मात्र त्याच दिवसांत एकटा पडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

वैद्यकशास्त्रानेही उशीर केला. 1858 मध्ये पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से यांनी गरोदर आणि बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर ग्रंथ लिहिला, पण बाळंतिणीचं नैराश्य ओळखणारी साधी प्रश्नावली यायला 1987 उजाडलं. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांच्या ‘एडिंबरा’ प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांबद्दलचे. थकवा, भूक असे प्रश्न त्यांनी मुद्दाम टाळले, कारण या काळात ते कुणालाही होतं. मूळ बाळंतिणींसाठी असलेली ही प्रश्नावली पुढे गरोदरपणातही वापरात आली.

आपल्याकडचं चित्र गोव्यातून पुढे आलं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या 270 स्त्रियांशी बोलून बाळंतपणानंतरही त्यांचा माग ठेवला. 2002 साली निष्कर्ष छापून आले: सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या 78 टक्के जणींना मनाचा त्रास गरोदरपणीच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, यांचा नैराश्याशी थेट संबंध दिसला. हे वाचल्यापासून वाट्यांचा तो खेळ मला निरागस वाटत नाही.

त्याच गोव्यात पुढे ‘सखी’ आल्या: डॉक्टर नव्हेत, त्याच वस्तीतल्या बायका, शिकवून तयार केलेल्या. गरोदरपणातच नैराश्य जाणवणाऱ्या स्त्रियांच्या घरी जाऊन त्या बोलत, बाळ झाल्यावरही येत राहत. 280 स्त्रियांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

बापांची नोंद त्याहून तुटपुंजी. 2010 मधल्या एका मोठ्या आढाव्यात दहापैकी साधारण एका बापाला, पत्नीच्या गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या काळात, नैराश्य आढळलं. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवसांची रजा मिळते. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पिशवी धरून उभ्या असलेल्या त्या तरुणाला ‘तू कसा आहेस रे?’ असं विचारायची रीत अजून पडलेली नाही.