ट्रकचं पासिंग किती टन, हे आरटीओ ठरवत नाही

जालन्याची सळई भरणारा असो की लातूरच्या आडतीवरून सोयाबीन नेणारा, नवी गाडी घेताना पहिला प्रश्न "पासिंग किती टन?" (म्हणजे मालासकट किती वजनाला गाडी मंजूर आहे) आणि शेवटचा हट्ट "साहेबांना सांगून दोन टन वाढवून द्या." साहेबांच्या हातात ते नसतंच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५८ नुसार गाडीचं एकूण वजन आणि प्रत्येक ॲक्सलचं (चाकं जोडणाऱ्या आसाचं) सुरक्षित वजन केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं. आरटीओ ते फक्त आरसीवर चढवतं.

जुलै २०१८ च्या अधिसूचनेत पुढच्या दोन टायरी ॲक्सलला ७ टन, मागच्या चार टायरी ॲक्सलला ११.५ टन दिले आहेत. म्हणजे सहा टायरी गाडीला एकूण १८.५ टन. पण ही वरची मर्यादा झाली. चाचणी संस्थेने त्या मॉडेलला प्रमाणित केलेलं वजन किंवा टायरची क्षमता यापेक्षा कमी असेल, तर तीच धरतात. स्प्रिंगचे पाटे वाढवून पासिंग वाढत नाही. हे सांगून सांगून तोंड दुखलं.

आणखी एक घोळ: १८.५ मध्ये गाडीचं स्वतःचं वजनही आलं. रिकाम्या गाडीचं वजन साडेसहा टन भरलं, तर माल बाराच टन. बॉडी जितकी जाडजूड, तितका माल कमी.

नमुना २० (नोंदणीचा अर्ज), विक्री प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा हे शोरूमवाला लावून देतो. अर्ज अडकतो तो नमुना २२-अ वर, म्हणजे गाडी नियमाप्रमाणे बांधल्याच्या प्रमाणपत्रावर. नुसती चासी (बॉडीशिवायचा सांगाडा) घेऊन बॉडी बाहेर बांधली, की त्याचा पहिला भाग कंपनीचा आणि दुसरा बॉडी बांधणाऱ्याचा. पैसे चुकते केल्यावर सहीसाठी गॅरेजचे हेलपाटे घालणारे मी पुष्कळ पाहिलेत. शेवटचा हप्ता सही हातात पडल्यावरच द्या.

नमुना २० मध्ये ॲक्सलनिहाय वजनाचे रकाने असतात. एजंट ते अंदाजाने भरतो. कंपनीच्या कागदाशी स्वतः ताडून पाहा. तपासणीत आरसीवरचाच आकडा धरतात, शेजारच्याची गाडी किती टन पास आहे ते कुणी विचारत नाही. जादा भरलं तर २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. उतरवण्याची हमालीही तुमच्याच खिशातून.