आर्पेजिओ आधी एकावर एक रचून लिहायचे, सुटे सूर नंतर आले

व्हायोलिन नवीन शिकणाऱ्यांना आर्पेजिओ (कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे, एकामागोमाग एक वाजवलेले सूर) वाचताना एकेक सूर ओळखत बसावं लागतं आणि ते जाम रटाळ वाटतं, पण जुन्या काळी वाजवणाऱ्यासमोर हे सुटे सूर बऱ्याचदा नसायचेच.

मूळ कारण वाद्यातच आहे. व्हायोलिनचा ब्रिज (तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी) गोलाकार असतो, त्यामुळे बो (गज) एका वेळी आरामात दोनच तारांना लागतो, मग चार सुरांची कॉर्ड वाजवायची तर ती फोडूनच वाजवावी लागते. जर्मन संगीतकार बाखच्या १७२० च्या हस्तलिखितात, शाकोन या भागात, काही ठिकाणी कॉर्डचे सूर नुसते एकावर एक रचलेत आणि सोबत 'आर्पेजिओ' एवढंच लिहिलंय! बो कसा फिरवायचा, कुठला सूर आधी, हे बरंचसं वाजवणाऱ्यानेच ठरवायचं. मला हा विश्वास फार भारी वाटतो. १७५१ मध्ये व्हायोलिनवादक जेमिनियानीने लंडनमध्ये पुस्तक काढलं, त्यात तर त्याच त्या कॉर्ड किती वेगवेगळ्या तऱ्हेने फोडता येतात हेच दाखवलंय.

पुढे संगीतकार सगळं स्वतःच लिहून द्यायला लागले. व्हायोलिनवादक पागानिनीचा पहिला काप्रिस (कसब दाखवणारी छोटी रचना, छापली १८२० मध्ये) सुटा सुटा लिहिलेला आहे, आणि मेंडेल्सोनच्या १८४५ च्या कंचेर्तोत (व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) तर कॅडेन्झाही (ऑर्केस्ट्रा थांबल्यावर एकट्याने वाजवायचा भाग) पूर्ण लिहिलेला, ज्यातले आर्पेजिओ ऑर्केस्ट्रा परत आला तरी चालूच राहतात. १९२६ मध्ये व्हायोलिनचे शिक्षक कार्ल फ्लेशने सगळ्या स्केलमधले आर्पेजिओ सरावासाठी एकत्र केले, आज मोठे विद्यार्थी तेच पुस्तक घेऊन बसतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवातीपासूनच सुट्या सुरांमागची कॉर्ड बघायला शिकावं. डी मेजरचंच घ्या, डी स्टाफच्या (सूर लिहायच्या पाच रेषांच्या) खालच्या रेषेला लटकलेला, एफ शार्प रेषांमधल्या पहिल्या जागेत, ए दुसऱ्या जागेत, म्हणजे तिन्ही सूर जागांमध्ये, मधे एकेक रेष सोडून, आणि वरचा डी मात्र चौथ्या रेषेवर. हातात बघाल तर मोकळी डी तार, दुसरं बोट, मोकळी ए तार, तिसरं बोट, बास. हेच डी मायनर केलं तर कागदावर सूर जागचे हलत नाहीत, फक्त एफचा शार्प जातो आणि दुसरं बोट मागे सरकून पहिल्याच्या जागेला चिकटतं.