परदेशात उमगणारे उझबेकपण

ताश्कंदमधल्या मुलीला ‘तू उझबेक आहेस का?’ असे सहसा कोणी विचारत नाही. तिथे चौकशी होते ती महल्ल्याची आणि घराण्याची. (हा ‘महल्ला’ म्हणजे आपल्या ‘मोहल्ल्या’चाच सख्खा भाऊ.) तीच मुलगी शिकायला सोल किंवा बर्लिनला गेली, की कोणी तिला रशियन समजते, कोणाला तिचा देश नकाशावर सापडत नाही, आणि देश समजावून सांगण्याचे काम तिच्यावर येऊन पडते. समूहाची ओळख आतल्या रीतिभातींपेक्षा इतरांशी संबंध येतो त्या सीमेवर घडते, असे मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ मध्ये मांडले होते. ते इथे नेमके लागू पडते.

मुळात ही ओळख सरळ नाही. उझबेक प्रजासत्ताकाच्या सीमा सोव्हिएत सत्तेने १९२४ मध्ये आखल्या, समरकंद-बुखाऱ्यातल्या अनेक घरांत ताजिक बोलली जाते, आणि गेल्या शतकात लिपी अरबीवरून लॅटिन, मग सिरिलिक आणि १९९३ च्या कायद्याने पुन्हा लॅटिनकडे वळली. परदेशात कझाख किंवा किरगीझ मैत्रिणीशी बोलताना पुष्कळदा रशियनच कामी येते, ही त्यातली गंमत.

स्त्रियांच्या बाबतीत गुंता वाढतो. १९२७ च्या ‘हुजूम’ या सोव्हिएत सत्तेच्या बुरखाविरोधी मोहिमेत स्त्रियांनी ‘परांजी’ हा बुरखा जाहीरपणे जाळला, आणि त्यासाठी अनेकींना जीव गमवावा लागला. तेव्हापासून राष्ट्र आधुनिक की परंपरानिष्ठ, याचा वाद स्त्रीच्या पोशाखावर आणि वागणुकीवरच खेळला गेला. घरात ‘केलिन’ म्हणजे सुनेने कसे वागावे, हेही ‘आपली संस्कृती’ या नावाखालीच शिकवले जाते. परदेशातल्या वसतिगृहात मात्र ही गाठोडी सुटी करून पाहता येतात. लग्नसमारंभातला मोठ्या कढईतला पुलाव उझबेकिस्तानात परंपरेने पुरुष रांधतात आणि नवरोझचे ‘सुमलक’, म्हणजे मोड आलेल्या गव्हाची खीर, बायका रात्रभर ढवळतात. वसतिगृहात दोन्ही तिलाच करावे लागते, आणि यातले उझबेक काय नि बायकांच्या वाट्याला नुसते आलेले काय, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. माझ्या मते, तिचा देशाभिमान यामुळे घटत नाही. तो निवडक होतो.

१९२२ मध्ये मध्य आशियातल्या तुर्कस्तान प्रदेशातून (हा तुर्की देश नव्हे) आणि बुखाऱ्यातून जर्मनीला गेलेल्या विद्यार्थ्यांत काही मुलीही होत्या. पुढे स्टालिनच्या दमनात त्या पिढीतल्या अनेकांवर परदेशी हेरगिरीचा आरोप ठेवण्यात आला. आज परतणाऱ्या मुलीवर तसले संकट नाही. पण महल्ल्यातल्या बायका तिला ‘बदललीस’ म्हणतात, तेव्हा बार्थ यांची ती सीमा तिच्याच अंगणात आखली जाते.