गॅस शेगडी : घरगुती व सुरक्षित वापर (नाशिक)

घरगुती गॅस शेगडी म्हणजे सिलिंडरमधला द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) किंवा जमिनीखालच्या वाहिनीतून येणारा नैसर्गिक वायू (पीएनजी) हवेत मिसळून जाळणारे स्वयंपाकाचे साधन. नाशिकच्या घरांत ती बहुधा ओट्यावर ठेवलेली दोन, तीन किंवा चार बर्नरची असते; खाली ओव्हन जोडलेली उभी कुकिंग रेंज मोजक्या घरांत दिसते. वायू घरात कुठे साचतो आणि तो साचू नये म्हणून काय करायचे, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. वर्तमानपत्रांत ‘सिलिंडरचा स्फोट’ असा मथळा येतो तेव्हा पुष्कळदा सिलिंडर शाबूत असतो. भडका उडालेला असतो तो खोलीत साचलेल्या, न जळलेल्या वायूचा.

भारतात घरगुती एलपीजीची विक्री १९५५ साली मुंबईत बर्मा-शेल कंपनीने सुरू केली. ‘इंडेन’ची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात दिली गेली. खेड्यापाड्यांतल्या चुलीपर्यंत सिलिंडर मोठ्या संख्येने पोचला तो १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर.

वायूचा स्वभाव

एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, ब्युटेन जवळजवळ दुप्पट. म्हणून गळलेला वायू वर जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात शिरतो, मोरीच्या जाळीतून खाली उतरतो. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्के वायू मिसळला की ते मिश्रण ठिणगीने पेटते.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच स्वयंपाकघर घेतले, तर त्यातली सगळी हवा पेटण्याजोगी व्हायला सहाशे ग्रॅमच्या आसपास वायू पुरतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये तो १४.२ किलो असतो. शिवाय वायू तळाशी साचत असल्याने फरशीलगतचा थर त्याआधीच धोक्याच्या पातळीला पोचतो. चालू राहिलेल्या पण न पेटलेल्या मोठ्या बर्नरमधून तासाला अंदाजे दीडशे ते दोनशे ग्रॅम वायू येतो, म्हणजे रात्री बारीक उघडी राहिलेली कळ पहाटेपर्यंत पुरेसे नुकसान करू शकते. सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर नीट बसला नसेल, तर तेवढाच वायू यायला फार कमी वेळ लागतो. शेगडीच्या कळीपेक्षा सिलिंडर बदलण्याच्या पाच मिनिटांकडे जास्त लक्ष द्यायला हवे ते यामुळे.

मुळात या वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. सर्दी झालेल्या किंवा वयोमानाने वास मंदावलेल्या माणसाला ते कळत नाही. धूप-अगरबत्ती आणि लसणाच्या फोडणीतही ते हरवते. म्हणून ‘वास येत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये.

शेगडी, रेग्युलेटर आणि नळी

शेगडीवर भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूण व आयएस ४२४६ हा मानक क्रमांक पाहावा. रेग्युलेटर वितरकाकडूनच घ्यावा, कारण सिलिंडरमधला मोठा दाब उतरवून तो शेगडीला सोसेल इतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅमच्या जवळपास आणण्याचे काम त्याचे असते. बाजारात मिळणारे, जास्त आच देणारे म्हणून विकले जाणारे रेग्युलेटर घरगुती शेगडीसाठी नाहीत.

नळी नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी असावी. तिच्यावर मुदत छापलेली असते. ती साधारण पाच वर्षांची. जुन्या हिरव्या रबरी नळ्या अजून काही घरांत सापडतात आणि त्या वरून चांगल्या दिसतात, हीच अडचण. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये सांधा नको, भिंतीतून ओवलेली नको. तेलकट होऊ नये म्हणून तिच्यावर कापडी किंवा प्लॅस्टिकचे आवरण चढवण्याची हौस असते. त्याखाली पडलेली चीर दिसत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत उंदीर नळी कुरतडतात, तिथे महिन्यातून एकदा नळी वाकवून पूर्ण लांबीवर बघणे हाच उपाय.

सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्या वरच्या कडेपेक्षा उंच असायला हवी. ओट्याखाली बंद कपाटात तो ठेवला असेल, तर कपाटाच्या दाराला तळाशी भोके हवीत. हल्लीच्या मॉड्युलर किचनमध्ये ही भोके सुतार काढत नाही, कारण दिसायला बरी वाटत नाहीत. ती सांगून करून घ्यावी लागतात.

सिलिंडर घेताना आणि बदलताना

सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतून ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ‘डी-२९’ असेल तर डिसेंबर २०२९ नंतर तो सिलिंडर चाचणीवाचून वापरायचा नाही. तिथेच रिकाम्या सिलिंडरचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवून काट्यावर ताडून बघण्याचा हक्क ग्राहकाला आहे. दारात सिलिंडर आला की लोक पैसे देऊन मोकळे होतात. खरे तर पोचवणाऱ्यासमोरच सील काढून, तोंडाच्या आत काळे रबरी वायसर आहे ना, एवढे पाहायला अर्धा मिनिट लागतो. वायसर नसेल किंवा चिरलेले असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवला तरी गळती होणार.

बदलताना घरातली समई, निरांजन, उदबत्ती विझवावी, खिडकी उघडावी. रेग्युलेटरची कळ बंद करून मगच तो काढावा. नवा बसल्यावर साबणाचे पाणी तोंडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना लावून बुडबुडे येतात का बघावे. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजून आहेत. काढलेली पांढरी टोपी दोऱ्यासह सिलिंडरलाच लटकत ठेवावी, फेकू नये. गळती लागली तर तीच सर्वांत आधी लागते. झोपताना आणि बाहेरगावी जाताना शेगडीच्या कळीवर न थांबता रेग्युलेटर बंद करायचा.

नाशिकच्या घरांत

पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या स्वयंपाकघरांना उंच उंबरठा असतो. धूळ-पाणी अडवायला तो उत्तम; जड वायूलाही तो तितकाच छान अडवतो. अशा खोलीत वरची झरोक्याची खिडकी असून भागत नाही, खालून हवा जायला दार उघडे लागते. सिडकोतल्या लहान घरांत मागचे अंगण छपराने झाकून स्वयंपाकघर पुढे वाढवलेले असते आणि मूळ खिडकी आता आतल्या खोलीत उघडते. तिथे भिंतीत जमिनीलगत आणि छताशी एकेक जाळी बसवणे शक्य असते.

थंडीचा प्रश्न नाशिक जिल्ह्यात खास आहे. डिसेंबर-जानेवारीत शहराचा पारा १० अंशांखाली जातो, निफाडला त्याहून खाली. दारेखिडक्या घट्ट लागतात. शिवाय सिलिंडरमधून प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्युटेन उरतो. ब्युटेनला उकळायला शून्य अंशाच्या जवळपास तापमान लागते, त्यामुळे गार सकाळी संपत आलेला सिलिंडर जेमतेम वायू देतो. ज्योत मंद झाली की सिलिंडर आडवा करणे, हलवणे किंवा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणे हे प्रकार घरोघर चालतात. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि शेगडीवर एकदम मोठा जाळ येतो. उरलेल्या पावशेर-अर्ध्या किलो वायूसाठी हे करू नये. याच दिवसांत न्हाणीघरातल्या गॅस गीझरला स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरून फाटा काढून नळी नेली जाते, तीही चुकीचीच. बंद न्हाणीघरात गीझर जळत राहिला की ऑक्सिजन कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास.

पावसाळ्यात गोदेचा पूर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावरचे लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात; ती किती बुडाली यावरून पुराचा अंदाज घेतात. २००८, २०१६ आणि २०१९ साली पाणी सराफ बाजार, भांडी बाजार या भागांत शिरले. पुरात सिलिंडर बुडून राहील असा समज असतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरचे एकूण वजन साधारण ३० किलो आणि तो बाजूला सारतो सुमारे ३५ लिटर पाणी, म्हणजे भरलेलाही तरंगतो. तरंगताना नळी ओढली जाते आणि सांधा सुटतो. पाणी दाराशी येण्याआधी रेग्युलेटर काढून टोपी लावून सिलिंडर माडीवर चढवावा. ओसरल्यावर चिखल शिरलेली शेगडी आणि रेग्युलेटर मेकॅनिकने तपासल्याशिवाय लावू नयेत.

ज्योत

निळी, न डोलणारी, बर्नरच्या भोकांना चिकटलेली ज्योत ठीक. पिवळी टोके आणि भांड्याच्या बुडाला काजळी म्हणजे हवा कमी पडते आहे. बहुतेक वेळा बर्नरच्या भोकांत उतू गेलेले दूध किंवा डाळीचे पाणी वाळलेले असते. भोके पिनेने साफ करता येतात. आतला जेट, म्हणजे वायू सोडणारे बारीक छिद्र, मात्र सुईने मोठा करू नये. ज्योत बर्नरवरून उचलली जात असेल तर हवा जास्त किंवा दाब चुकीचा.

दूध उतू जाऊन बर्नर विझतो आणि वायू येत राहतो, ही घरातली सर्वांत साधी गळती. सोबतीला एखादा मोबाइल किंवा मालिका असतेच. ज्योत विझताच वायू आपोआप बंद करणारी सोय असलेल्या शेगड्या मिळतात. वृद्ध एकटे राहत असलेल्या घरात त्यांची जास्तीची किंमत मोजावी. काडी किंवा लायटर आधी, कळ नंतर. पहिल्या दोन-तीन खटक्यांत पेटली नाही तर कळ बंद करून जरा थांबावे.

उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवताना, दिवाळीत चिवडा-चकल्या तळताना मोठी पातेली आणि कढया शेगडीबाहेर येतात. दोन बर्नर झाकणारे बूड ज्वाळा परतवून कळींवर आणि नळीवर पाठवते. अशा कामाला जमिनीवरची मोठी शेगडी अंगणात लावतात, पण तिला घरगुती सिलिंडर जमिनीवर शेजारीच ठेवतात. त्यात अंतर हवे आणि सिलिंडर वारा जिकडून येतो त्या बाजूला हवा.

ओव्हन असलेली रेंज

कुकिंग रेंजमध्ये धोका ओव्हनच्या बंद पोकळीत असतो. ओव्हन लावताना दार पूर्ण उघडे ठेवायचे. न पेटल्यास कळ बंद करून, दार उघडेच ठेवून पाच मिनिटे थांबायचे. नळी रेंजच्या तापणाऱ्या पाठीला टेकू द्यायची नाही. नानखटाईचा ट्रे काढताना उघड्या दारावर भार पडला की हलकी रेंज पुढे कलंडते. म्हणून ती भिंतीला पट्टीने बांधावी. वरचे काचेचे झाकण बर्नर गार झाल्याशिवाय पाडले तर काच तडकते. थंडीत खोली गरम करायला ओव्हन उघडा ठेवून बसणे हे गीझरइतकेच धोक्याचे.

पीएनजी

नाशिक शहराच्या काही भागांत महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचा नळाचा गॅस पोचला आहे. हा मुख्यतः मिथेन असतो, हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताशी साचतो. खिडकीचा वरचा भाग किंवा झरोका उघडा हवा. शेगडीचे जेट बदलून घेतल्याशिवाय एलपीजीची शेगडी त्यावर चालवू नये, आणि पीएनजीसाठी बदललेली शेगडी गावी नेऊन सिलिंडरला तर मुळीच जोडू नये, मोठ्या जेटमधून भडक पिवळा जाळ येतो. बंद करायचा खटका मीटरजवळ आणि शेगडीजवळ असतो. तो घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

गळती, आग आणि भाजणे

वास आला तर विजेचे बटण लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही, दोन्हींत ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखा लावून वायू बाहेर काढायचा विचार सगळ्यांना आधी सुचतो आणि तोच घातक ठरतो. दारेखिडक्या उघडाव्यात, शेगडीच्या कळी आणि रेग्युलेटर बंद करावा, रेग्युलेटर काढून टोपी लावावी. तोंडातूनच गळत असेल तर टोपी लावलेला सिलिंडर उभाच धरून मोकळ्या जागी न्यावा. घराबाहेर मेन स्विच असेल तर वीज तिथून तोडावी. फोन बाहेर जाऊन करायचा : गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१. महापालिकेच्या अग्निशमन दलाचे मुख्यालय शिंगाडा तलाव येथे आहे. वाड्यांच्या बोळांत बंब शिरत नाही, म्हणून पत्ता सांगताना जवळचा रुंद रस्ता सांगावा.

कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये. कळ बंद करून ताट किंवा झाकण सरकवावे. अंगावरचे कपडे पेटल्यास जमिनीवर लोळवून जाड सुती चादर गुंडाळावी. ओट्यापाशी पदर किंवा ओढणी, नायलॉनची असेल तर विशेषतः, खोचलेली असावी. भाजलेल्या जागी वीसेक मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, लोणी लावले की डॉक्टरांना जखम दिसत नाही.

तपासणी आणि विमा

वितरकाच्या मेकॅनिककडून पाच वर्षांतून एकदा जोडणीची तपासणी सक्तीची आहे. नोंदणीकृत ग्राहकाच्या पत्त्यावर एलपीजीमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी उतरवलेला विमा लागू होतो. त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. घटना वितरकाला लगेच लेखी कळवावी लागते. दाव्याच्या वेळी नळी, रेग्युलेटर आणि शेगडी मान्यताप्राप्त होती का हे पाहिले जाते, म्हणून त्यांच्या पावत्या आणि तपासणीची चिठ्ठी गॅसच्या पुस्तकातच ठेवावी.